ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावर स्थिर कसा ठेवाल? वजन, हूक, ब्रेक आणि कागदपत्रे

कृषी यांत्रिकीकरण योजनेतून ट्रॅक्टर किंवा औजार घेताना अर्ज, निवड, पूर्वसंमती, देयक आणि अनुदान या टप्प्यांची माहिती तुम्हाला मिळते. ट्रॅक्टरच्या मागे भरलेली ट्रॉली जोडून तो डांबरी रस्त्यावर आणल्यावर काय होते, याबद्दल मंजुरीपत्रात सहसा काही लिहिलेले नसते. ही माहिती त्यासाठी आहे. ट्रॅक्टरमालक, पगारी चालक, ऊस किंवा पाणी वाहून नेणारे, भाड्याने ट्रॅक्टर देणारे गट अशा सर्वांना ती उपयोगी पडेल.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातील घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली. त्यात २६ जण मृत्युमुखी पडले, बहुतेक महिला आणि मुले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि ७ महिलांचा जीव गेला. दोन्ही अपघात वेगळे होते. पण दोन्ही ठिकाणी माणसे ट्रॉलीत होती आणि ट्रॉली हे माल वाहण्याचे साधन आहे. म्हणून खालील माहिती फक्त मशागतीच्या खर्चाची किंवा दंडाची बाब समजू नका.

ट्रॉली अस्थिर का होते?

एका शब्दात सांगायचे तर ती उलाळ होते म्हणून. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाडीत मागच्या बाजूला जास्त माल पडला की पुढची बाजू वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोताचा पट्टा गळ्याला लागतो. पुढे जास्त माल पडला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जुने गाडीवान माल भरल्यावर धुरेला हात लावून ती किती जड लागते ते आधी पाहायचे. (ट्रॅक्टरच्या पुस्तिका मराठीत आणताना या गोष्टीसाठी लांबलचक पारिभाषिक शब्द घडवले जातात. ‘उलाळ’ असताना त्यांची गरज नाही, असे या मजकुरापुरते ठरवले आहे.)

दोन चाकांच्या ट्रॉलीत हीच गोष्ट घडते, फक्त बैलांच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक असतो. एक हिशेब करून पाहू. ट्रॉलीत ५ टन माल आहे. हुकापासून ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर ४ मीटर आहे. मालाचा मध्य अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर ५०० किलो भार खाली दाबतो. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे गेला, तर ५०० किलोची ताकद हूक वर उचलू पाहते. माल तेवढाच, ट्रॉली तीच. हातभर अंतराचा फरक पडला आणि ट्रॅक्टरच्या हुकावरचा भार १ टनाने बदलला. मागची चाके हलकी झाली की त्यांची पकड सुटते. ब्रेक लागत नाही, वळणावर ट्रॅक्टर बाजूला सरकतो आणि ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते.

म्हणून दोन चाकी ट्रॉलीत मालाचा मध्य नेहमी अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे ठेवा. रस्त्यावर ओढायच्या गाड्यांसाठी सर्वसाधारण मोजमाप असे आहे की मागच्या हुकाला जोडलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र एक मर्यादा आहे, ती तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हुकावरचा जास्तीत जास्त भार म्हणून दिलेली असते. ती ओलांडू नका, कारण इथे दुसरा धोका सुरू होतो.

हुकावर फार भार आला तर काय होते?

हूक ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. त्यामुळे हुकावर दाब वाढला की मागची चाके टेकू बनतात आणि पुढची चाके हलकी होतात. समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे आणि त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २ मीटर, हूक मागच्या अ‍ॅक्सलपासून ७० सेंटिमीटर मागे. हुकावर ५०० किलो आले तर पुढच्या चाकांवरून १७५ किलो उचलले जातात, ६२५ उरतात. हे चालण्यासारखे आहे. हुकावर १,५०० किलो आले तर पुढे फक्त २७५ किलो उरतात. स्टेअरिंग नीट लागायचे असेल तर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असला पाहिजे, म्हणजे या उदाहरणात ४०० किलो. २७५ किलोवर चाक वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जात राहतो. चढावर ओढ लागली की पुढचा भाग उठतो, आणि हे सगळे एक-दोन सेकंदांत होते.

म्हणूनच ट्रॉली कधीही टॉप लिंकला किंवा अ‍ॅक्सलपेक्षा उंच जागेला जोडू नका. ओढ जितकी उंचावरून लागते तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका वाढतो. कंपनीने ट्रॉलीसाठी दिलेला हूक किंवा खालचा ड्रॉबार एवढ्याच जागा वापरा. गॅरेजमध्ये हूक कापून, लांबवून किंवा वर चढवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वेल्डिंग कितीही पक्के असले तरी लांबवलेला हूक वरच्या हिशेबातले ७० सेंटिमीटर वाढवतो, हे विसरू नका.

पुढची चाके हलकी पडत असतील तर बंपरला लावायची लोखंडी वजने मिळतात. ती लावून घ्या. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याने मागच्या चाकांची पकड वाढते आणि ट्रॅक्टर खालून जड होतो. पण पुढचे उठणे त्याने थांबत नाही. दोन वेगळ्या तक्रारींवरचे हे दोन वेगळे उपाय आहेत.

‘पाचवे चाक’ म्हणजे काय आणि त्याचा इथे काय संबंध?

न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनर नेणारे लांब ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. त्यांची मागची गाडी पुढच्या ट्रकच्या शेपटीला जोडलेली नसते. तिचा पुढचा भाग ट्रकच्या पाठीवर, एका जाड गोल प्लेटवर टेकलेला असतो. या जोडणीला पाचवे चाक म्हणतात. जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर गाडी वळण्यासाठी एक आडवे चक्र असायचे, त्यावरून हे नाव आले. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्येही हा फरक केलेला आहे. जिच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो ती अर्ध-ट्रेलर, आणि नुसती मागे ओढली जाते ती ट्रेलर.

अमेरिकेत शेतकरी आणि फिरस्ते लोक पिकअप ट्रकच्या हौद्यात अशीच जोडणी बसवून मोठ्या गाड्या ओढतात. तिथे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या १५ ते २५ टक्के वजन पिकअपवर घेतात, आणि ते चालते, कारण जोडणी मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. भार अ‍ॅक्सलच्या मागे नसल्यामुळे पुढची चाके हलकी होत नाहीत, आणि मागची गाडी झोके घेऊ लागली तरी तिला पिकअपची शेपटी धरून हलवता येत नाही. तीच पिकअप मागच्या बंपरच्या हुकाला तेवढीच गाडी जोडून नेली तर झोका लवकर लागतो.

आपल्या ट्रॅक्टरवर अशी जोडणी बसवायला जागा नाही, तसा प्रयत्नही करू नका. पण त्यामागचे तत्त्व तुमच्या हातात आहे. भार ट्रॅक्टरवर थोडा टेकला पाहिजे, आणि जिथे टेकतो ती जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या जितकी जवळ तितके बरे. जी मंडळी पिकअपच्या मागे जनरेटर, मिक्सर किंवा छोटी ट्रॉली जोडतात त्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

माल कसा भरावा, कसा उतरवावा?

भरताना बहुतेक जण काळजी घेतात. उतरवताना घेत नाहीत. खताची किंवा सिमेंटची पोती दोन-तीन ठिकाणी उतरवायची असतील आणि पहिल्या ठिकाणी पुढची पोती काढली, तर उरलेला सगळा माल फाळक्याकडे राहतो आणि ट्रॉली उलाळ होऊन पुढच्या गावाला निघते. पहिल्यांदा मागचा माल उतरवा.

ट्रॉली सोडवतानाही हेच. मागे जड असलेल्या ट्रॉलीची पिन काढली की दांडी एकदम वर उसळते. समोर वाकून पिन काढणाऱ्याच्या हनुवटीला किंवा छातीला ती लागते. दांडीखाली टेकू आणि चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावल्याशिवाय पिनेला हात लावू नका.

उसाचा प्रश्न वेगळा आहे. ऊस वजनाला जड, आकाराने मोठा आणि हौद्याच्या बाहेर येणारा. मोळ्या वर रचत गेल्या की मालाचा मध्य उंच जातो. चढ लागला की हा उंच मध्य मागे सरकतो. अ‍ॅक्सलपेक्षा १ मीटर उंच असलेला मध्य, दहाला एक अशा चढावर, १० सेंटिमीटर मागे जातो. वरच्या उदाहरणातल्या ट्रॉलीत त्याने हुकावरचा १२५ किलो भार कमी होतो. म्हणजे सपाट रस्त्यावर जेमतेम बरोबर असलेली ट्रॉली चढावर उलाळ होते. मागे लोंबणाऱ्या मोळ्या त्यात भर घालतात.

पाण्याच्या टँकरबद्दल थोडे. मराठवाड्यात आणि इतर टंचाईच्या भागात ट्रॅक्टरने टँकर ओढले जातात. पूर्ण भरलेला टँकर जड असतो, पण त्यातले पाणी हलत नाही. अर्धा भरलेला टँकर हलका असूनही जास्त धोकादायक ठरतो, कारण वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावते आणि ब्रेक लावल्यावर पुढे आदळते. आतमध्ये आडव्या पत्र्याच्या भिंती नसलेला टँकर विकत घेऊ नका. अर्ध्या टँकरने जावेच लागले तर बैलगाडीच्या वेगाने जा.

वळणावर ट्रॉली का उलटते?

दोन गोष्टी मोजायच्या. दोन चाकांमधली रुंदी आणि मालाच्या मध्याची उंची. रुंदीचा अर्धा भाग उंचीच्या मानाने जितका कमी, तितकी ट्रॉली लवकर उलटते. चाकांमधले अंतर १.७ मीटर आणि मध्याची उंची २ मीटर धरली, तर ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर कागदावरच्या हिशेबाने सुमारे ४० किलोमीटर वेगाला आतले चाक उचलले जाते. प्रत्यक्षात ते बरेच आधी होते. टायर दबतात, माल सरकतो, रस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असते, साइडपट्टी खचलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारी ताकद चौपट होते. १५ च्या वेगाने सहज घेतलेले वळण ३० च्या वेगाने घेतले तर ते दुप्पट नव्हे, चौपट अवघड असते.

वळणावर आत शिरल्यावर ब्रेक लावण्यापेक्षा वळणाआधी वेग कमी करा. डिफरन्शियल लॉक शेतात चिखलातून निघण्यासाठी असतो, तो रस्त्यावर चालू राहिला तर ट्रॅक्टर वळायलाच तयार होत नाही.

ब्रेकबद्दल विशेष सूचना

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असतात. शेतात बांधाच्या कडेला झटपट वळण्यासाठी ते उपयोगी पडते. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक अडते, ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि मागून ट्रॉली ढकलत राहते. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली अडकित्त्यासारखे मिटतात. यातून चालकाला बाहेर उडी मारायलाही वेळ मिळत नाही. या संपूर्ण लेखातले एकच वाक्य चालकाला सांगायचे असेल तर ते पेडलच्या पट्टीचे सांगा. खर्च शून्य आहे.

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. २ टनांचा ट्रॅक्टर आणि मागे भरलेली ८ टनांची ट्रॉली असेल, तर ट्रॅक्टरचेच ब्रेक १० टनांना थांबवतात. रिकामा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगात ६ मीटरमध्ये थांबत असेल, तर त्याच ताकदीने हे सगळे थांबायला ३० मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे ७ मीटर वेगळे. उतारावर तर ट्रॉली सतत ढकलत असते. वीसला एक अशा साध्या उतारावर ८ टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला ४०० किलोच्या ताकदीने पुढे रेटते. घाटात दहाला एक उतार असेल तर ८०० किलोने.

त्यामुळे ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नका, क्लच दाबून ठेवू नका. उतारावर मध्येच गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर ट्रॅक्टर मोकळा सुटतो. नवीन ट्रॉली बनवून घेत असाल तर तिला ब्रेक घालून घ्या. गावातल्या कारागिराला हे नवीन वाटेल आणि किंमतही वाढेल, तरी घाला.

ट्रॉली झोके घेऊ लागली तर स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका, ब्रेक आदळू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर पुढच्या ट्रॉलीचा छोटा झोका मागच्या ट्रॉलीत मोठा होतो आणि चालकाला तो उशिरा कळतो. साखर कारखान्यांच्या वाटेवर हे दृश्य नेहमीचे असले तरी सुरक्षित नाही.

निघण्याआधी काय पाहावे?

हुकाची पिन झिजून सैल झाली आहे का, तिच्या टोकाला क्लिप आहे का, हे रोज पाहा. क्लिपऐवजी खिळा किंवा तार वळवलेली दिसली तर ती बदला. पिन तुटली तरी ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटू नये म्हणून दांडीखालून एक साखळी ट्रॅक्टरला बांधा. ट्रॉलीच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी असावी, एक बसका असेल तर ट्रॉली त्या बाजूला कलते आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो.

अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसत नाही, हा या विषयातला सर्वात दुःखद भाग आहे. मागे लाल दिवे आणि लाल रिफ्लेक्टर हवेत. उसाने ते झाकले जात असतील तर मोळ्यांवरून खाली लोंबेल असे रिफ्लेक्टरचे कापड बांधा. ट्रॉली बिघडून रस्त्यात उभी राहिली तर दगड लावून भागत नाही. आणि दुरुस्तीनंतर ते दगड रस्त्यातच सोडून जाऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियमात ‘मोटार वाहन’ या शब्दात ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणून ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी करावी लागते आणि विमा घेताना तिचाही उल्लेख असावा लागतो. विमापत्रात फक्त ट्रॅक्टरचा क्रमांक असेल तर आजच कंपनीकडे चौकशी करा.

मंजूर वजनापेक्षा जास्त माल नेल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड आहे आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये वेगळे. माल बाजूने, मागून किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरीही २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जास्तीचा माल उतरवण्याचा खर्चही तुमच्यावरच येतो.

शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून भाड्याने वाळू, विटा नेल्यास किंवा माणसे नेल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, चालकाची. मडगार्डवर बसलेला मुलगा किंवा ट्रॉलीत उभ्या असलेल्या बायका यांना विमापत्र प्रवासी मानत नाही. शिवाय माणसे म्हणजे हलणारा माल. एका बाजूला काही दिसले की सगळे तिकडे वळतात, आणि मालाचा मध्य कडेला जातो. ऊसतोडणीच्या हंगामात कुटुंबे संसारासह ट्रॉलीवर बसून गावे बदलतात. त्यांना दुसरी सोय उपलब्ध करून देणे ही ट्रॅक्टरमालकापेक्षा मुकादम आणि कारखान्याची जबाबदारी जास्त आहे, पण स्टेअरिंगवर बसलेल्याला ‘नाही’ म्हणता येते.

योजनांमधून काय मिळू शकते?

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. त्यात यंत्रांसाठी सर्वसाधारण शेतकऱ्यांना ४० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला, लहान व सीमांत शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल रकमेच्या मर्यादेत, अनुदान मिळते. यंत्रांची यादी आणि अर्जाची पद्धत राज्यानुसार बदलते. महाराष्ट्रात जमीन असलेल्यांनी महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर अर्ज करावा, त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. कर्नाटक, तेलंगण, मध्य प्रदेश, गुजरात येथे जमीन असलेल्या मराठी शेतकऱ्यांनी त्या राज्याच्या कृषी विभागाकडे अर्ज करायचा आहे, महाडीबीटीवर नाही. जमीन कुठे आहे यावर हे ठरते, भाषेवर नाही. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र खरेदी करू नका.

प्रशिक्षणाची सोय कमी लोकांना माहीत असते. केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था बुदनी (मध्य प्रदेश), हिसार (हरियाणा), गार्लदिन्ने (आंध्र प्रदेश) आणि विश्वनाथ चारिआली (आसाम) येथे आहेत. तिथे ट्रॅक्टर आणि औजारांचा वापर व देखभाल शिकवतात. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांना बुदनी जवळ पडेल. शिवाय या संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या करतात. तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. वजन, पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार आणि ब्रेकची कामगिरी त्यात आकड्यांत दिलेली असते. विक्रेता जाहिरातीचे पत्रक पुढे करील, पण अहवालच मागा.

अपघात झाल्यास

११२ वर फोन करा. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीवर नियुक्त रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न घेता उपचार होतात. ट्रॉलीत बसलेला जखमी असेल तरी रुग्णालयात नेताना विम्याचा विचार करत थांबू नका. जखमीला तातडीने रुग्णालयात पोहोचवणाऱ्या नागरिकासाठी केंद्राची राहवीर योजना असून तिच्यात २५,००० रुपयांचे बक्षीस आहे.

महाराष्ट्रातील शेतकरी आणि त्यांच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५ वर्षे असावे. अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात, एक डोळा किंवा एक अवयव कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये. चालक दारूच्या अमलाखाली असल्यास लाभ मिळत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. सोबत सातबारा, वारसांची कागदपत्रे, पोलिसांचा पहिला खबरी अहवाल आणि घटनास्थळाचा पंचनामा लागतो. घरात दुःख असताना हे कागद गोळा करणे कठीण जाते, म्हणून गावातल्या कृषी सहायकाला पहिल्या आठवड्यातच कळवा. इतर शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत असून तिथे मराठीतही बोलता येते.